षट्कोनी घरांच्या पटावरील जोडणीचे खेळ

दोघांनी आळीपाळीने सोंगट्या मांडत पटाच्या ठरलेल्या कडा अखंड साखळीने जोडायच्या, अशा बैठ्या खेळांचा वर्ग. यांत फासा नसतो. मांडलेली सोंगटी हलत नाही की मरत नाही. हेक्स, वाय आणि हॅव्हाना हे प्रमुख खेळ.

हेक्सचा पट समांतरभुज चौकोनाच्या आकाराचा, बहुधा ११ × ११ घरांचा असतो. प्रत्येकाच्या वाट्याला समोरासमोरच्या दोन कडा येतात. डेन्मार्कच्या पीट हाइन यांचा हा खेळ १९४२ मध्ये ‘पोलिटिकेन’ दैनिकात ‘पॉलिगॉन’ नावाने छापून आला. पुढे अमेरिकेत गणितज्ञ जॉन नॅश यांना तोच स्वतंत्रपणे सुचला. ‘हेक्स’ हे नाव १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने तो बाजारात आणला तेव्हाचे.

चौकोनी घरांच्या जाळीत एका बिंदूवर चार घरे भेटतात. तिथे तिरकी घरे शेजारी धरली तर दोघांच्या साखळ्या एकमेकींना छेदून जातात, न धरली तर दोघेही अडकून पडू शकतात. षट्कोनी जाळीत एका बिंदूवर तीनच घरे भेटतात, म्हणून हा पेच उद्भवतच नाही. हेक्सचा पट गच्च भरला तरी कोणा एकाची, आणि एकाचीच, साखळी पूर्ण झालेली असते. बरोबरी अशक्य. वरवर साध्या दिसणाऱ्या या गुणधर्मातून ब्राउअरचा स्थिरबिंदू सिद्धांत (चकतीचे तिच्यातच सलग रूपांतर केले, तर एक तरी बिंदू जागीच राहतो) निघतो, हे गणितज्ञ डेव्हिड गेल यांनी १९७९ मध्ये दाखवले.

बरोबरी नाही, म्हणजे दोघांपैकी एकाकडे हमखास जिंकण्याची रीत असलीच पाहिजे. ती दुसऱ्याकडे आहे असे धरू. मग पहिल्याने कुठेही एक सोंगटी ठेवून तीच रीत उचलावी. जादा सोंगटीने नुकसान कधीच होत नाही. म्हणजे रीत पहिल्याकडेच! नॅश यांचा हा युक्तिवाद सुंदर आहे, पण खेळायला बसलेल्याच्या उपयोगाचा नाही: नेमके कुठे खेळायचे ते त्यातून कळत नाही. पहिल्याचा वरचढपणा कमी करण्यासाठी, पहिली खेळी पाहून बाजू बदलून घेण्याची मुभा दुसऱ्याला देतात.

डावपेचांचा पाया म्हणजे ‘पूल’. एकमेकांना न चिकटलेल्या दोन सोंगट्यांमध्ये दोन सामाईक रिकामी घरे असली, तर प्रतिस्पर्ध्याने एक घेताच आपण दुसरे घ्यायचे. जोडणी तुटत नाही. नवखा खेळाडू सोंगटीला सोंगटी चिकटवत जातो आणि मागे पडतो.

वायचा पट त्रिकोणी. एकाच साखळीने तिन्ही बाजू गाठायच्या. हेक्स हा त्याचाच विशेष प्रकार ठरतो. डच रचनाकार क्रिस्टियान फ्रीलिंग यांच्या हॅव्हानाचा पट षट्कोनी असून तिथे जिंकण्याचे मार्ग तीन: दोन कोपरे जोडणे, कोपरे वगळून तीन बाजू जोडणे किंवा साखळीचे बंद कडे (वलय) करणे. दहा डावांत एकदा जरी संगणकाने हरवले तरी १,००० युरो देण्याची पैज फ्रीलिंग यांनी लावली होती. २०१२ मध्ये ते ती हरले.