गावाचं नाव बदलायचंय? प्रस्ताव कसा जातो, कागद काय जोडावेत

ग्रामसभेने ठराव केला म्हणून गावाचं नाव बदलत नाही. तिथून फक्त प्रस्ताव सुरू होतो. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेचा ठराव महसूल यंत्रणेमार्फत राज्य सरकारकडे आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. गृह मंत्रालय रेल्वे, टपाल विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची ना हरकत घेतं. त्याची मंजुरी आली की राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं. संसदेत कायदा लागतो तो राज्याचं नाव बदलायला, गावाचं नाही.

खरी कसोटी आहे ११ सप्टेंबर १९५३ च्या गृह मंत्रालयाच्या पत्रातली. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव खास कारणाशिवाय बदलू नये, इतिहासाशी जोडलेलं नाव तर शक्यतो हलवूच नये, असं ते सांगतं. निव्वळ स्थानिक अभिमान, भाषेचा आग्रह किंवा राष्ट्रीय नेत्याला मान देण्याची इच्छा, ही कारणं पुरत नाहीत. नवं नाव राज्यात किंवा शेजारी दुसऱ्या गावाचं असेल तर घोटाळा होतो, म्हणून तेही टाळायचं. शिवाय जुनं नाव का नको आणि हेच नवं का हवं, दोन्हींची कारणं सविस्तर द्यावी लागतात.

म्हणून मेहनत घ्यायची ती इथे. ठरावाची सत्यप्रत आणि सभेचं इतिवृत्त तर हवंच. पण जुना गावनकाशा, गॅझेटिअरमधला उल्लेख, शिलालेखाचं वाचन, जुने महसुली दप्तर असं जे मिळेल ते जोडा. पुराव्याविना भावना कितीही खरी असली तरी फाइलवर तिचं वजन पडत नाही.

वस्त्या आणि रस्त्यांच्या जातिवाचक नावांसाठी मात्र डिसेंबर २०२० चा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय आहे. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं त्यात सुचवली होती. तुमच्या गावात असं नाव अजून असेल तर तो विषय येत्या ग्रामसभेत आधी घ्या.

वेळ किती लागतो? छत्रपती संभाजीनगर शहराच्या नावाला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. जिल्हा-तालुक्यांसाठी हरकती मागवून अंतिम अधिसूचना सप्टेंबरात निघाली, कोर्टातला वाद २०२४ पर्यंत चालला आणि रेल्वे स्थानकाची पाटी बदलायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

नाव बदललं म्हणून जुनी खरेदीखतं किंवा दाखले रद्द होत नाहीत. तरी अधिसूचनेची एक प्रत घरात असू द्या.