भगंदर: सुरी, सूत आणि स्नायू

गुदद्वाराच्या बाजूला एक गळू येतं. ठणका इतका की धड बसवत नाही. चार दिवसांनी ते फुटतं, पू जातो, हायसं वाटतं आणि माणूस विसरून जातो. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा ओल, पुन्हा सूज, कपड्याला डाग. मग मलम, प्रतिजैविकांचा एखादा कोर्स, कुणीतरी सुचवलेला काढा. अवघड जागेचं दुखणं, त्यामुळे दाखवायला कुणी राजी नसतं. घरात विचारलंच तर ‘मूळव्याध आहे’ म्हणून विषय मिटतो. पण मूळव्याध म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांच्या सुजलेल्या गाद्या, आणि फिशर म्हणजे चीर. हे प्रकरण तिसरंच आहे. भगंदरात गुदमार्गाच्या आतल्या भिंतीपासून बाहेरच्या कातडीपर्यंत चक्क एक नळी तयार झालेली असते.

तिची सुरुवात आत होते. गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर वर एक दातेरी रेषा असते, तिथे बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. यातल्या काही ग्रंथी खोल, गुदद्वार आवळणाऱ्या दोन स्नायूवलयांच्या मधल्या फटीपर्यंत पोचतात. ग्रंथीचं तोंड बुजलं की जंतू आत अडकतात, त्या फटीत पू साठतो आणि वाट मिळेल तिकडे सरकतो. बाहेरचं तोंड दहा वेळा भरून आलं तरी आतल्या तोंडातून जंतूंचा पुरवठा चालूच राहतो. म्हणून मोठ्या माणसांत ही नळी आपोआप बुजणं दुर्मीळ. पोटात घ्यायच्या औषधांचंही तेच. त्रिफळा गुग्गुळाने पोट साफ राहील, प्रतिजैविकाने आजूबाजूची सूज उतरेल, पण नळी जागच्या जागी असते.

मग ती कापून उघडी करावी, तळापासून भरू द्यावी. यालाच फिस्टुलॉटॉमी म्हणतात. नळी वरवरची असेल तर याच्याइतका खात्रीचा उपाय नाही, दहातले नऊ रुग्ण आणि त्याहूनही अधिक बरे होतात. अडचण त्या दोन स्नायूवलयांची आहे. आतलं वलय आपल्या नकळत आवळलेलं असतं, बाहेरचं आपण ठरवून आवळतो. वायू आणि मळ थोपवणं या दोघांवर अवलंबून. नळी त्यांना किती उंचीवर छेदते यावर सगळं ठरतं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले ॲलन पार्क्स यांनी 1976 साली भगंदराचे चार प्रकार पाडले तेही याच हिशोबाने. उंचावरची नळी सरसकट कापली तर भगंदर बरा होतो आणि माणूस आयुष्यभर संडासावर ताबा नसलेला राहतो. बायकांमध्ये पुढच्या बाजूचा स्नायू मुळात आखूड, आणि बाळंतपणात त्याला इजा झालेली असू शकते, तिथे तर फारच जपून.

सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले, एकाला उंटाच्या मानेचं नाव दिलं, एकाला शंखाच्या वळशाचं. पाचवा, उन्मार्गी, मांसाबरोबर गिळलेल्या हाडाने आतून जखम होऊन होणारा. तो स्वतः शस्त्राचा माणूस, कापण्याला त्याची ना नव्हती. पण कृश, दुर्बल, भित्र्या रुग्णाची किंवा मर्माच्या जागी असलेली नळी शहाण्याने शस्त्राने न कापता क्षारसूत्राने, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याने, कापावी, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं. दोरा बनवायचा कसा, याचा ढोबळ पत्ता पुढे अकराव्या शतकातल्या ‘चक्रदत्त’ या वैद्यकग्रंथात लागतो: निवडुंगाचा चीक आणि हळद. आज वापरतात तो दोरा मात्र 1960च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला.

कृती वाचण्यासारखी आहे. वीस नंबरचा लिननचा दोरा चौकटीवर ताणतात. त्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा थर, प्रत्येक थर वाळवून. मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात. शेवटी चीक आणि हळदीचे तीन. एकूण एकवीस. आघाडा तोच, गणपतीच्या पत्रीत असतो तो. झाड जाळून राख पाण्यात कालवायची, वारंवार गाळायची आणि पाणी आटवायचं, की खाली पांढरा क्षार उरतो. चीक थरांना धरून ठेवतो, क्षार नळीचं सडकं अस्तर जाळतो, हळद दाह आवरते.

एषणीने, म्हणजे बोथट सळईने, हा दोरा नळीतून ओवून बाहेर गाठ मारतात. आठवड्याने नवा दोरा जुन्याला बांधून ओढून घेतात. दर खेपेला दोरा थोडा आखूड होतो, आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर. बर्फाच्या लादीवर वजन बांधलेली तार ठेवली की ती खाली उतरते आणि वरचा बर्फ मागे सांधला जातो, तसंच इथे. स्नायू हळूहळू कापला जातो आणि मागे व्रण धरत जातो, त्यामुळे कापलेली टोकं फटकन दूर होत नाहीत. पण स्नायू कापला जातोच, हे विसरू नये. ‘विना ऑपरेशन’ असं भिंतीवर रंगवणारे ते सांगत नाहीत. दोरा बदलल्यावर एक-दोन दिवस आगही चांगलीच होते. फायदा असा की बहुतेक जण कामावर जाऊ शकतात.

या दोऱ्याला नुसत्या परंपरेच्या जोरावर मिरवायची गरज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 502 रुग्णांवर चाचणी घेऊन 1991 साली निष्कर्ष छापले. शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला सुमारे 4 आठवडे लागले, क्षारसूत्राने 8. पण भगंदर उलटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत 11 टक्के, क्षारसूत्रात 4. वेळ द्या, खात्री घ्या, असा तो सौदा. अर्थात तेव्हाच्या शस्त्रक्रियेशी ही तुलना होती.

नंतर शस्त्रक्रियाही बदलली. बँकॉकचे अरुण रोजनासकुल यांनी 2007 साली ‘लिफ्ट’ मांडली: दोन वलयांच्या मधल्या फटीत शिरून नळी तिथेच बांधायची नि तोडायची, स्नायूला हात लावायचा नाही. कॅमेऱ्याने आतून साफ करणं आहे, लेझर आहे. ताबा जायची भीती या सगळ्यांत कमी, पण भगंदर उलटण्याची शक्यता फिस्टुलॉटॉमीपेक्षा जास्त. लेझरच्या जाहिरातीतलं ‘त्याच दिवशी घरी’ खरं असतं. त्याच दिवशी बरं, असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. तिकडे बनारसमध्ये डॉ. मनोरंजन साहू यांनी दोरा फक्त त्या फटीपासून आतल्या तोंडापर्यंतच घालायची पद्धत आणली. बाहेरची लांब नळी आपली आपण सुकते. आयुर्वेद आणि आधुनिक शस्त्रक्रिया यांच्या नावाने भांडणारे भांडोत, दोघेही येऊन पोचलेत त्याच फटीशी.

म्हणून डॉक्टर वैद्य असोत की सर्जन, नळी किती स्नायू छेदते आणि आतलं तोंड सापडलं का, हे आधी विचारावं. गुंतागुंत वाटली तर एमआरआय काढावा. सळई जोर लावून घातली तर नवीच खोटी वाट पडते, आणि सुटून गेलेली एखादी फांदी पुढे भगंदर परत आणते. ताप आणि ठणका असलेलं ताजं गळू मात्र थांबत नाही, ते आधी लगेच फोडून निचरा करायचं. नळीचा तुकडा तपासणीला पाठवायलाही सांगावं. आपल्याकडे क्षयरोगामुळे होणारे भगंदर अजून सापडतात. क्षयाची औषधं सुरू झाल्याशिवाय तिथे सुरी चालत नाही आणि सूतही.