फडक्याची किमया

गेल्या 31 डिसेंबरला पार्ल्यात मामांकडे नाशिकची स्पार्कलिंग वाइन उघडली. एकाच सेटमधले दोन फ्लूट, म्हणजे उंच, अरुंद ग्लास. वहिनीच्या ग्लासात बुडबुड्यांच्या माळा, मामांच्यात नावालाही बुडबुडा नाही. "माझ्या ग्लासाला चरा नाही, म्हणून," मामा म्हणाले. हा गैरसमज फार जुना. काचेतले साधे चरे बहुधा बुडबुडे जन्मायला पुरेसे खोल नसतात.

750 मिलीच्या बाटलीत सुमारे 9 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. वायुरूपात साधारण 5 लिटर. बूच उडालं की त्याला बाहेर पडायचं असतं, पण बुडबुडा शून्यातून जन्मत नाही. इवल्या बुडबुड्याला पृष्ठताण इतका आवळतो की आतला वायू परत द्रवात विरघळतो. त्रिज्या किमान साधारण 0.2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तरच बुडबुडा तग धरतो. म्हणजे सुरुवातीलाच तेवढा हवेचा कप्पा तयार हवा. तो देतो ग्लासाला चिकटलेला सुती धागा! तंतू आतून पोकळ असतो. वाइन ओतताना त्यात हवा अडकते. वायू झिरपत आत येतो, कप्पा फुगतो, टोकाशी बुडबुडा सुटतो, थोडी हवा मागे उरते आणि पुन्हा तेच, सेकंदाला अनेकदा. वर जाताना बुडबुडा आणखी वायू ओढून घेतो, फुगतो, वेग घेतो. म्हणून माळेतले मणी वर विरळ होत जातात. फ्रान्समधल्या रेम्स विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांनी हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलंय. मसाला सोड्यात मीठ पडताच भसकन येणारा फेस याच जातीचा.

ग्लासच्या आकाराचं थोडक्यात: कूप नावाच्या पसरट ग्लासातून वायू लवकर उडतो. उंच फ्लूटमध्ये तो टिकतो, पण तोंडाशी साचून नाकाला झोंबतो. पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता ट्यूलिप मला पटतो. मुंबईच्या उकाड्यात वाइन गार हवी आणि ग्लास दांड्यालाच धरावा. ओतताना तो तिरका करावा, बिअरसारखा. वायू कमी उडतो. बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा खोचला की फेस टिकतो म्हणतात. घट्ट झाकण लावा, चमचा खिरीला ठेवा.

मामांचा ग्लास गरम पाण्याने धुऊन उपडा वाळवलेला होता, वहिनीचा सुती फडक्याने पुसलेला. मामांचा रिकामा केला, त्याच फडक्याने पुसला, पुन्हा ओतली. तीन माळा सुटल्या.

"फडकं धुतलेलं होतं ना?" मामींनी विचारलं.