पिवळ्या भुकटीतलं जड खनिज: बिस्माइट

बिस्माइटचा नमुना पाहून कुणी हरखून जाणार नाही. पिवळसर, कधी हिरवट छटेची, मातकट भुकटी किंवा खडकाला धरलेलं पातळ पूट, एवढंच. स्फटिक इतके बारीक की साध्या डोळ्यांना दिसतही नाहीत. त्याचं वजन मात्र चकित करतं. शुद्ध बिस्माइटची घनता पाण्याच्या नऊपट, म्हणजे लोखंडाहूनही जास्त. रासायनिक सूत्र Bi₂O₃, आणि वजनात जवळजवळ 90 टक्के नुसतं बिस्मथ, हा शिशासारखा एक जड धातू.

हा एका अर्थी बिस्मथचा गंजच. बिस्मथची धातुकं, मुख्यतः बिस्मथिनाइट हे सल्फाइड आणि क्वचित मूलरूपातलं बिस्मथ, जमिनीलगत हवा-पाण्याच्या संपर्कात आली की हळूहळू त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. म्हणून बिस्माइट खाणीच्या वरच्या, झिजलेल्या थरात सापडतं. कधी कधी मूळ खनिजाच्या सुईसारख्या स्फटिकाचा आकार तसाच राहतो आणि आतला माल तेवढा बदललेला असतो.

गोंधळ असा, की याच जागी, याच रंगात बिस्मुटाइट नावाचं कार्बोनेटही तयार होतं. पूर्वी दोन्हींना सरसकट ‘बिस्मथ ऑकर’ (ऑकर म्हणजे पिवळी माती) म्हणून मोकळे व्हायचे. 1943 मध्ये हार्वर्डचे खनिजशास्त्रज्ञ क्लिफर्ड फ्राँडेल यांनी जुन्या संग्रहांतले नमुने क्ष-किरणांनी तपासले, तेव्हा बिस्माइटची चिठ्ठी लावलेले बरेच नमुने भलतेच निघाले. सोपी चाचणी आम्लाची: थेंब टाकल्यावर फसफसलं तर कार्बोनेट. पण फसफसलं नाही म्हणून बिस्माइटच, असंही नाही. सिलेनाइट हे त्याचं आणखी एक पिवळसर भावंड आहे, त्यात थोडी सिलिकाही असते. म्हणून नुसत्या रंगावरून नाव ठरवणाऱ्या विक्रेत्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

उद्योगाला लागणारं बिस्मथ ऑक्साइड कारखान्यातच बनतं. खनिज त्यासाठी फारच विरळ. तडतडणाऱ्या फटाक्यांत विषारी शिशाच्या संयुगाऐवजी हे कारखान्यातलं ऑक्साइड वापरतात. शास्त्रज्ञांना खरा रस आहे तो त्याच्या तापलेल्या रूपात. साधारण 730 अंश सेल्सिअसला त्याची स्फटिकरचना बदलते, ऑक्सिजनच्या जागांपैकी चौथा हिस्सा रिकामा राहतो आणि ऑक्सिजनचे आयन (विद्युतभारित अणू) त्यातून सर्रास धावू लागतात. हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या इंधन-विद्युतघटासाठी हे उत्तमच, पण 817 अंशांना ते वितळतं आणि थंड केलं की रचना पुन्हा बदलते. यिट्रियम किंवा अर्बियम या धातूंची ऑक्साइडं मिसळून हे रूप कमी तापमानाला टिकवता येतं. तरी घटाच्या हायड्रोजनच्या बाजूला अडचण उरतेच: तिथे ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून जातो आणि मागे पुन्हा बिस्मथ धातू राहतो.