मुक्तीचा जाहीरनामा आणि तेरावी घटनादुरुस्ती

अमेरिकेतील गुलामगिरी कोणी आणि केव्हा संपवली, असे विचारले की ‘अब्राहम लिंकन, १ जानेवारी १८६३’ हे उत्तर बहुतेकदा मिळते. त्या दिवशीचा मुक्तीचा जाहीरनामा आणि डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झालेली राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती यांची अशी सरमिसळ होते आणि मधली तीन वर्षे नजरेआड होतात. जाहीरनाम्याने ठरावीक प्रदेशातील माणसांना मुक्त केले. माणूस विकत घेण्याची मुभा देणारे कायदे मात्र त्याने रद्द केले नाहीत. ते काम घटनादुरुस्तीने केले.

जाहीरनामा असा मर्यादित का होता, हे त्याच्या अधिकाराचा उगम पाहिल्यावर कळते. राज्यांमधील गुलामगिरीला हात लावण्याचा अधिकार शांततेच्या काळात केंद्र सरकारला नाही, असे तेव्हा सर्वमान्य मत होते आणि मार्च १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्षपद स्वीकारताना लिंकन यांनीही तेच सांगितले होते. दक्षिणेतील बहुतेक गुलामगिरीची राज्ये संघराज्यातून फुटली आणि यादवी युद्ध पेटले, तेव्हा चित्र पालटले. फुटीर राज्यांतील शेते गुलाम कसत होते, सैन्यासाठी खंदकही तेच खणत होते. तेव्हा शत्रूचे हे बळ काढून घेणे हा सरसेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्षांचा अधिकार ठरत होता. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमच्या लढाईनंतर दक्षिणेच्या सैन्याला माघार घ्यावी लागली आणि पाचच दिवसांनी लिंकन यांनी पूर्वसूचना दिली: १ जानेवारीपर्यंत बंड थांबले नाही, तर बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त होतील.

आधार युद्धाचा असल्यामुळे युद्धाबाहेरच्या प्रदेशाला तो लागू करता येत नव्हता. संघराज्यात राहिलेली केंटकी, मेरीलँड, मिसूरी आणि डेलावेअर ही गुलामगिरीची राज्ये त्यातून सुटली. टेनेसी, तसेच लुइझियाना आणि व्हर्जिनियाचे काही भागही वगळले गेले. जिथे लिंकन यांची सत्ता चालत नव्हती तिथेच हा जाहीरनामा लागू होता, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. मला ती अपुरी वाटते. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर संघराज्याचे सैन्य आधीच पोहोचले होते आणि तेथील हजारो माणसे त्याच दिवशी मुक्त झाली. त्याहून मोठी गोष्ट अशी की, यापुढे सैन्य जितके पुढे सरकेल तितकी गुलामगिरी मागे हटणार होती. शिवाय मुक्त झालेल्या पुरुषांना सैन्यात घेण्याची तरतूद त्यातच होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या भूदलात लढले होते.

ही वाट मुळात गुलामांनीच पाडली होती, आणि या भागाला आपण फारच कमी महत्त्व देतो. मे १८६१ मध्ये तीन गुलाम पळून व्हर्जिनियातील फोर्ट मन्रोला आले. मालकाचा माणूस त्यांना मागायला आला तेव्हा, शत्रूच्या युद्धकामाला जुंपलेली ही ‘मालमत्ता’ परत देणार नाही, असे सांगून जनरल बेंजामिन बटलर यांनी त्यांना ठेवून घेतले. मग छावण्यांकडे माणसांची रीघ लागली. पोरेबाळे घेऊन, रात्री दलदलीतून वाट काढत ती येत राहिली. वॉशिंग्टनमधील राजकारण पुष्कळदा त्यांच्या मागून चालले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना, एकट्या राष्ट्राध्यक्षांना नव्हे. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते.

युद्धासाठी काढलेल्या आदेशाचे युद्ध संपल्यावर काय होणार, ही भीती मात्र खरी होती. न्यायालय तो रद्द ठरवू शकले असते. एखादे राज्य पुन्हा गुलामगिरी सुरू करू शकले असते, कारण तेथील जुना कायदा पुस्तकात तसाच होता. यावर राज्यघटना बदलणे हाच पक्का उपाय होता. (मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मंजूर केलेली दुरुस्ती याच्या अगदी उलट होती: राज्यांतील गुलामगिरीला केंद्राने कधीही हात लावू नये, असे ती म्हणत होती. पुरेशा राज्यांनी संमती न दिल्याने ती बारगळली. चार वर्षांच्या युद्धाने देश किती बदलला, हे या दोन मजकुरांतून दिसते.) सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, तेरावी दुरुस्ती एप्रिल १८६४ मध्ये संमत केली, पण जूनमध्ये प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. नोव्हेंबरमध्ये लिंकन पुन्हा निवडून आले आणि ३१ जानेवारी १८६५ रोजी ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी पार पडली. ६ डिसेंबरला जॉर्जियाच्या संमतीने राज्यांची आवश्यक संख्या पूर्ण झाली. तोवर लिंकन यांची हत्या होऊन सात महिने उलटले होते.

दोन्हींतील फरक एका तारखेवरून नेमका उमगतो. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गुलाम मुक्त झाल्याचा आदेश काढला. तो दिवस आज अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. हा जाहीरनाम्याचाच अंमल होता, सैन्य तिथे पोहोचायला अडीच वर्षे लागली इतकेच. पण त्या दिवशी केंटकीत, म्हणजे संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या राज्यात, हजारो माणसे कायद्याने गुलामच होती. ती डिसेंबरमध्ये सुटली.

दुरुस्तीतही एक फट होती. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम तिने वगळले. दक्षिणेतील राज्यांनी बेकार फिरण्यासारख्या गोष्टींनाही गुन्हा ठरवून कृष्णवर्णीयांना पकडले आणि कैदी म्हणून मळ्यांना व खाणींना भाड्याने दिले. दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने मात्र अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला होता, आणि त्याच बळावर १८६६ चा नागरी हक्क कायदा झाला.