केसभर फरक, आरपार तडा

फ्यूज्ड ग्लासचं काम दिसायला सोपं असतं. रंगीत काचेचे तुकडे कटरने कापायचे, बिनरंगी काचेवर मांडायचे आणि विजेच्या छोट्या भट्टीत ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचे. सगळं एकजीव होऊन सपाट तबकडी तयार! इथवर फारसं काही बिघडत नाही. काच दगा देते ती निवताना. कधी कधी तर भट्टीतून धडधाकट बाहेर आलेली तबकडी काही दिवसांनी टेबलावर नुसती ठेवलेली असताना तडकते.

फ्यूजिंगसाठी मुख्यतः '९०' आणि '९६' या दोन जातींच्या काचा विकल्या जातात. तापमान एक अंशाने बदललं की ९०ची काच लांबीच्या एक कोटी भागांमागे ९० भाग वाढते किंवा आखडते; ९६ची ९६ भाग. दोन्हींच्या ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या ५०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला आणल्या, तर लांबीतला फरक भरतो जेमतेम ०.०९ मिलिमीटर. केसाची जाडी साधारण तेवढीच. पट्ट्या सुट्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. एकदा त्या जोडल्या गेल्या की मात्र जास्त आखडू पाहणारी ताणली जाते आणि दुसरी दबते. दाब काच पुष्कळ सोसते, ताण फारसा नाही.

नुसता आकडा जुळला म्हणजे निभावलं, असंही नाही. तो मोजतात साधारण ३०० अंशांपर्यंत. काच घट्ट होते ती त्याच्या बऱ्याच वर, आणि तिथे प्रत्येक रंगाची काच आपल्या चालीने घट्ट होते. म्हणून रंगाचा कपचा बिनरंगी पट्टीवर भाजून आधी तपासावा. पट्टी दोन पोलरायझर फिल्म्सच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पातळ फिल्म्स) मध्ये उजेडासमोर धरायची, फिल्म्स एकमेकींना आडव्या. कपच्याभोवती उजळ कडं दिसलं की तिथे ताण अडकला आहे. घरात करता येण्याजोगी याहून देखणी चाचणी मला माहीत नाही.

काचा जुळणाऱ्या असल्या तरी कडा आधी निवतात, मधला भाग मागे राहतो, त्यातूनही ताण उरतो. यावर उपाय म्हणजे अ‍ॅनीलिंग: काच ठरावीक तापमानावर थांबवून ठेवायची आणि मग सावकाश निववायची. अमेरिकेतल्या पोर्टलंडची बुल्सआय कंपनी आपल्या काचेसाठी ४८२ अंशांवर थांबायला सांगते: १२ मिलिमीटर जाडीला २ तास, २५ मिलिमीटरला ४ तास. पुढे २५ मिलिमीटरचा ठोकळा सुरुवातीला तासाला फक्त १५ अंशांनी उतरवायचा.

जाडीचं आणखी एक गंमतशीर गणित आहे. पुरती वितळलेली काच पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण यांच्या ओढाताणीत सुमारे ६ मिलिमीटरवर स्थिरावते. ३ मिलिमीटरचा एकच थर भाजला तर तो कडांनी आत ओढला जातो. दोन थर आपला आकार राखतात. तीन थर बाहेर पसरतात. नवख्याने म्हणूनच दोन थरांवर हात बसवावा: आकारही टिकतो आणि रात्री लावलेली भट्टी सहसा दुसऱ्या दिवशी उघडता येते.