मणक्याला मार लागलाय? दाखल्याची वाट बघू नका, आधी क्लेम टाका

अपघातात मणका मोडला की घरचे आधी दवाखाना बघतात, मग पैशांची जुळवाजुळव. कोर्टाचं नाव निघतं ते वर्षभराने. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला मुदत सहा महिन्यांची. १ एप्रिल २०२२ पासून हा नियम आहे आणि दिवस मोजायचे ते अपघाताच्या तारखेपासून, डिस्चार्जच्या नव्हे.

लोक अडून बसतात ते अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. मज्जारज्जूला इजा झाल्यावर पायात किती ताकद परत येईल हे लगेच कळत नाही, म्हणून डॉक्टर 'अजून थांबा' म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. पण अर्ज दाखल करायला तो दाखला लागत नाही. पुराव्याच्या वेळी दिला तरी चालतो. एवढं साधं वाक्य खिडकीवरचा कारकून सांगत नाही.

एफआयआर, पंचनामा, गाडीचे आणि विम्याचे कागद पोलिसांकडून मिळतात. औषधांची बिलं मूळ जपा, झेरॉक्सवर भागत नाही. अर्ज अपघात झाला तिथेच करावा असंही नाही, तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात चालतो.

खरा घोळ पहिल्या केसपेपरवर होतो. पोलिसांची कटकट नको म्हणून भरती करताना कुणीतरी 'घरी पडला' असं सांगून जातं. पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो. नोंदीत 'रस्ता अपघात' आणि शक्य असेल तर गाडीचा नंबर लिहिलाय ना, ते त्याच दिवशी बघा.

आता टक्केवारी. दाखल्यावर ६० टक्के म्हणजे कमाईही ६० टक्केच बुडाली असं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात हे स्पष्ट केलं: बघायचं ते त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला. समजा बत्तीस वर्षांचा गवंडी, महिन्याला १५,००० कमावणारा. कंबरेखाली ताकद नाही, तर तो परांचीवर चढणार कसा? वयानुसार गुणक १६ (म्हणजे वर्षाच्या कमाईला १६ ने गुणायचं), कमाईत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून पूर्ण नुकसान ४०,३२,००० रुपये होतं. ६० टक्क्यांनी मोजलं तर २४,१९,२०० रुपये. सोळा लाखांचा फरक! म्हणून दाखला देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष काढा. नुसता कागद जोडून सुटका नाही.

उत्पन्नाचा पुरावा गवंड्याकडे कुठला असणार? मुकादमाची हजेरीवही, बँकेचं पासबुक, ठेकेदाराची साक्ष, जे असेल ते द्या. मागणीत पुढची फिजिओथेरपी, चाकाची खुर्ची, कॅथेटर (लघवीची नळी) आणि सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वेगवेगळा लिहा. बायको किंवा आई करते म्हणून तो खर्च सोडून देणारे फार पाहिले.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. आणि लोकअदालतीत तडजोडीवर सही करण्याआधी आकडा घरी नेऊन नीट बघा, त्या निवाड्यावर अपील नसतं.